अंबाजीच्या भट्टीची शिस्त

"दाजी, ह्या माणसांचं हितं काय काम हाय?" हौशीरामने भट्टीच्या दारातूनच विचारले.

अंबाजी लोहाराने भात्यापाशी बसलेल्या दोघांकडे पाहिले. ती माणसे रोजच बसायची. वलवणचा म्हातारा सोपान विळा पाजवायला यायचा आणि विळ्याला धार आली तरी उठायचा नाही. वाहिद टांगेवाला घोड्याच्या नालासाठी यायचा आणि पुण्याच्या गाडीची वेळ होईपर्यंत हलायचा नाही. आत्ताही सोपानची, साडूच्या म्हशीची गोष्ट ऐन रंगात आली होती. साडूने म्हैस खाली कर्जतला विकली होती आणि ती दावे तोडून घाट चढत परत निघाली होती.

"बसत्यात आपली," अंबाजी म्हणाला.

"आमच्या रेल्वेच्या शेडात या एकदा. भोंगा झाला की कोण तोंड उघडंल तर शपथ! दुप्पट काम निघतंय, दुप्पट!"

हौशीराम हा अंबाजीच्या बायकोचा, सरुबाईचा धाकटा भाऊ. शेडमध्ये तो इंजिनांचे पितळ पुसायचा, पण बोलणे साहेबाच्या वरताण. एरवी अंबाजीने त्याला उडवून लावले असते. पण त्या दिवशी त्याचा जीव टांगणीला लागला होता. वलवणला धरणाचे काम निघाले होते. तिथल्या मुकादमाने बोथट टिकावांचा ढीग भट्टीपुढे ओतून बजावले होते की, संध्याकाळपर्यंत हे पाजवून दिलेस तर धरणाच्या अवजारांचे काम कायमचे तुझे, नाहीतर खोपोलीच्या लोहाराचे.

अंबाजीने मन घट्ट केले. "सोपानआबा, उठा. वाहिदभाई, तुमी बी. आजपासनं भट्टीवर बसायचं न्हाई."

"अरं, पर म्हैस घाटात हाय!" सोपान कळवळला.

"ऱ्हाऊ द्या घाटातच."

दोघे गुमान उठले आणि समोरच्या जांभळीखाली, भट्टीकडे पाठ करून बसले. हौशीराम समाधानाने घरी झोपायला गेला, कारण त्याची रात्रपाळी झाली होती. अंबाजीने टिकाव निखाऱ्यात खुपसला आणि तो लाल व्हायची वाट पाहू लागला. टिकाव काही लाल होईना. निखाऱ्यांवर राख चढत चालली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की भाता बंद आहे.

इतक्या वर्षांत हे त्याच्या मनातच आले नव्हते. जो येई तो भात्यापाशी बसे आणि बोलता बोलता त्याचा हात आपोआप दांडीवर जाई. दुसरा असाच सहज घण उचलून ठोके घाली. याला काम म्हणतात हे ना त्यांना ठाऊक होते, ना अंबाजीला.

मग तो स्वतःच भाता ओढू लागला. टिकाव लाल झाला की ऐरणीकडे धावायचे, हातोडा हुडकायचा, आणि दोन ठोके पडतात न पडतात तोच लोखंड काळे ठिक्कर. दुपारपर्यंत ढीग होता तेवढाच राहिला, अंबाजी मात्र निम्मा झाला. शेवटी त्याने बायकोला हाक मारली.

"वढते की भाता," सरुबाई पदर खोचत म्हणाली. "तवर चुलीवरची भाकरी तुमी बगा."

भाकरीचा कोळसा झाला. सरुबाईने तो नवऱ्यापुढे धरला. "हाताखालची माणसं हाकलायची अक्कल कुणाची म्हनायची?"

"तुज्याच भावाची."

ती तशीच गेली आणि झोपलेल्या हौशीरामला उठवून घेऊन आली. "काढ आता दुप्पट काम!"

हौशीरामने डोळे चोळत दांडी धरली आणि बहिणीच्या धाकाने असा काही भाता हाणला की, चार-दोन झटक्यांत त्याचे जुने कातडे टर्रकन फाटले.

समोर जांभळीखाली कोणीतरी खाकरले.

अंबाजीला रडू यायचेच बाकी होते. तो रस्ता ओलांडून गेला आणि दोघांपुढे उकिडवा बसला. माफी मागायची होती, पण तोंडून निघाले भलतेच.

"आबा," तो हळूच म्हणाला, "मग त्या म्हशीचं काय झालं?"

सोपान झाडाकडे बघत राहिला. "उघड्यावर न्हाई आठवत. भात्याची दांडी हातात असली की आठवतं."

"भाता फाटलाय."

"ऐकलं की आमी," म्हणत वाहिद टांग्याकडे वळलाच होता. पेटीतून त्याने दाभण आणि चामड्याचा तुकडा काढला. "घोड्याचं सामान शिवतो मी. भाता शिवायला काय हुतंय?"

भाता शिवला. निखारे फुलले, म्हैस घाट चढू लागली, आणि घण हौशीरामच्या गळ्यात पडला. उन्हे कलली तेव्हा मुकादम येऊन ठेपला. अजून थोडे टिकाव शिल्लक होते. अंबाजीच्या तोंडाचे पाणी पळाले.

मुकादमाने मात्र सगळ्यांवरून नजर फिरवली. "खोपोलीचा गडी एकटाच मरतोय. तुजा तर कारखानाच हाय की रे! आटपा, मी बसतो."

"...आन् बोगद्याच्या तोंडाशी म्हैस उभी," सोपान सांगत होता, "समोरनं मालगाडी!" इथे त्याला नेमकी चिलीम पेटवायची तलफ आली. त्याने दांडी सोडली.

"मग?" मुकादम पुढे सरकला. त्याचा हात दांडीवर गेला आणि भाता चालू झाला.

शेवटचा टिकाव पाण्यात चुरचुरला तेव्हा धरणाचे काम अंबाजीला मिळालेले होते आणि पुढचा ढीग सोमवारी यायचा होता. मुकादम गेल्यावर तो ऐरणीला टेकून मटकन खाली बसला. इतके मोकळे त्याला कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

"बगा दाजी," हौशीराम खांदा चोळत म्हणाला, "शिस्त लावली म्हणून निघालं काम."

त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

"आबा, आता तरी सांगा," अंबाजी म्हणाला. "पोचली का म्हैस घरी?"

सोपान विळा काखेत मारून उठला. "सोमवारी नवं टिकाव यायचं हाईत न्हवं?"

"व्हय."

"मग कशी पोचंल? आजून घाटातच हाय."