फुकट आहे, बेवारस नाही

डोईफोड्यांनी माझी छत्री नेली, की ती दांड्याला चिठ्ठी बांधून परत येते. ‘मूळ मालक: शेजारचे शिर्के. अट: ओली मिटू नये. केलेला बदल: वाकलेली एक काडी सरळ केली.’ ओली मिटू नका, असं मी एकदा सहज बोलून गेलो होतो. तेव्हापासून ती अट झाली.

कासार आंबोलीत हौसाकाकूंच्या घरामागे भाड्याच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी, पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. दुसरीत हिंगोलीचे डोईफोडे, एकटेच. पोटासाठी ते कुठल्याशा कंपनीचं काम करतात, पण जीव अडकलाय एका गेम इंजिनात. म्हणजे ज्याच्यावर मोबाइलवरचे खेळ बनतात ते सॉफ्टवेअर. हे इंजिन जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय आणि कुणीही फुकट वापरावं असं आहे. त्यात बाहेरच्या लोकांनी लिहिलेले ढीगभर तुकडे आहेत आणि प्रत्येकाचं लायसन्स निराळं. कुणी म्हणतो, वापरा, पण माझं नाव ठेवा. कुणी म्हणतो, बदल केलात तर तसं लिहा. कोणता तुकडा कुणाचा आणि कोणत्या अटीवर घेतला, याची यादी ठेवायचं बिनपगारी काम डोईफोड्यांनी अंगावर घेतलंय. कुणी कंटाळा केला की ते म्हणतात, “फुकट आहे, बेवारस नाही.” काकूंनी दिलेल्या ठेच्याबद्दलही त्यांनी आधी विचारलं होतं, की हा मूळचा कुणाचा? सासूचा, हे कळल्यावरच घास घेतला.

हे काम मला समजायला महिना लागला. काकूंना एका वाक्यात समजलं. “म्हंजी लग्नाची पत्रिका म्हना की. एक नाव ऱ्हायलं की भावकी रुसती.” डोईफोडे इतके खूश झाले, की त्यांनी हे इंग्रजीत करून आपल्या परदेशी मंडळींना कळवलं. तिकडे कुणालाही काही उमगलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र त्यांचं जेवणावरून मन उडालं. खेळात पाण्यावर तरंग उठवणारा एक तुकडा निघाला, त्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं, पण लायसन्स नव्हतं. त्याची परवानगी नाही मिळाली तर इंजिनाच्या नव्या आवृत्तीतून तो काढावा लागणार होता. मंडळी म्हणाली, काढून टाका. डोईफोड्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी त्या माणसाला ‘आपल्या कृतीच्या वापराच्या अटी कळवाव्यात’ अशा चार मेल धाडल्या. उत्तर नाही.

काकूंनी त्यांना दिलेलं ताट तसंच परत आलेलं पाहून चौकशी केली आणि त्यांनाच झापलं. “रुसल्यालं मानूस टपालाच्या पत्रिकेवर येतंय व्हय? दारात जाऊन अक्षत द्यावी लागती. बसावं, चा घ्यावा, तुमच्याबिगर कार्य न्हाई म्हनावं.”

डोईफोड्यांनी पाचवी मेल लिहिली आणि मला दाखवली. तिच्यात एकही अट नव्हती. तुमचं पाणी मी रोज बघतो, आमच्या कयाधू नदीवर वारा सुटला की असेच तरंग उठतात, ते काढायची वेळ आली तर मला फार वाईट वाटेल, एवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ओट्यावर बसून ते आम्हाला मराठीत सांगू लागले. माणूस म्हातारा निघाला. आधीची पत्रं मथळ्यावरून वकिलाची वाटून त्याने उघडलीच नव्हती. खुशाल वापरा, फक्त नाव राहू द्या, असं त्याने लिहिलं होतं. मला वाटलं, डोईफोडे आता पेढे आणतील. पण ते पुढची ओळ वाचून थांबले.

“काय म्हनतोय?” काकूंनी विचारलं.

“म्हणतो, तुमची पूर्ण यादी वाचली. सगळ्यांची नावं आहेत, पण यादी लिहिणाऱ्याचं कुठे दिसलं नाही.”

“मंग? टाकलं न्हाई व्हय?”

“कुणी विचारलंच नव्हतं, काकू.” ते हसत म्हणाले, पण डोळे भरून आले होते.

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं आमची भिंतीला भिंत आहे, पण त्यांचं पहिलं नाव मलाही माहीत नव्हतं.

“लिवा आत्ता,” काकू म्हणाल्या.

डोईफोड्यांनी यादीच्या शेवटी जाऊन सावकाश चार अक्षरं टाइप केली. मी वाकून वाचलं. दिगंबर.