ओंकारचा आवाज आणि भाताचं पोतं

जपून ठेवलेली वस्तू मला कधी शोधावी लागत नाही, मंडळी! छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. खडूचा शेवटचा तुकडासुद्धा कुठल्या डब्यात आहे ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन! म्हणूनच त्या दिवशी बनुबाई आमच्या पडवीत येऊन बसली आणि तिने विचारलं, "गुरुजी, आमच्या ओंकारचा आवाज तुमच्याकडं हाय का ओ?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "दोन मिनिटं बस. आत्ता ऐकवतो!"

ती दोन मिनिटं पुढे अठरा दिवस चालली.

बनुबाई आमच्याच वाडीतली. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की चढावर बावीस घरं दिसतात, ती आमची वाडी. त्यातल्या नऊ घरांना कुलूप; माणसं मुंबईला. बनुबाईचा ओंकार मात्र मुंबईला गेला नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, बिरवाडीत खोली घेतली, दर शनिवारी आईकडे यायचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये, सोमवारी सकाळी घरून कामाच्या पाळीला जाताना त्याची मोटारसायकल घसरली. एकवीस वर्षांचा होता. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

"फोटो हाय," बनुबाई म्हणाली. "पन आवाज नाय. मोबाईल तवाच फुटला. एका हळदीचा व्हिडिओ हाय, त्यात नाचतोय, तर आवाज त्या डीजेचा! गुरुजी, मी इसरायला लागलेय ओ. 'आय' म्हनून हाक मारायचा ती कानात येते, पन येता येता दुसऱ्याच कुनाची व्हते."

मला ते ऐकवेना. म्हणून मी बोलायला लागलो.

मी तिला सांगितलं, की दोन हजार बारा साली मी पदरच्या पैशांनी लॅपटॉप घेतला. दर शनिवारी एकेका मुलाला त्याच्यासमोर बसवून एक पान वाचून घ्यायचो, आणि ते ध्वनिमुद्रित करून नावानिशी ठेवायचो. ओंकार तेव्हा तिसरीत. 'सावित्री नदी' हा मी स्वतः लिहिलेला धडा त्याने वाचला होता. जिल्ह्यात असं करणारा मी एकटाच मास्तर! हे एवढं सांगेपर्यंत आमच्या सौभाग्यवती चंद्राबाईंनी कोकम सरबताचे दोन पेले आणून ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, तिला इतिहास नको. आवाज हवाय."

लॅपटॉप गोधडीत गुंडाळून ठेवला होता. बाहेर काढला, वायर लावली. दम्याच्या म्हाताऱ्यासारखा तो आधी धापा टाकत राहिला, मग पडदा उजळला. आणि सापडलं! दोन मिनिटांच्या आत! 'इयत्ता तिसरी, ओंकार, सावित्री नदी.' बनुबाईला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं, "हा बघ, हा ओंकार!" तिने पदराने बोट पुसलं आणि त्या अक्षरांना हळूच हात लावला.

आता फक्त एक कळ दाबायची होती. एक! पण मी पडलो मास्तर. समोर माणूस उत्सुकतेने बसलेला आहे आणि मी समजावून न सांगता कळ दाबू?

"बनुबाई, आधी समजून घे. आवाज म्हणजे काय? लाट! ही लाट हवेतून अशी येते, अशी वर जाते, अशी खाली..."

लाट आली. कोकम सरबताची! माझ्या हाताने पेला उडाला तो थेट कळफलकावर. लॅपटॉपने फोडणीत पाणी पडल्यासारखा चर्र आवाज केला आणि पडदा काळा झाला.

बनुबाईने विचारलं, "गेला?"

"नाही गो," मी घाईघाईने म्हणालो, "झोपलाय फक्त."

कोणत्या घरच्या बाईला मी हे म्हणालो, ते तोंडातून निघून गेल्यावर कळलं. जमिनीवरचं सरबत तिनेच पुसून काढलं आणि म्हणाली, "येते मग. उटला की सांगा."

मुंबईला भरतला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, घाबरू नका. दोन दिवस तांदळात पुरून ठेवा. तांदूळ ओल ओढतो."

मी तांदळाच्या डब्याकडे वळलो, तर चंद्राबाई डब्यासमोर गडाच्या दरवाजासारख्या उभ्या! "माझ्या तांदळात? सरबत प्यायलेलं यंत्र? आणि मग वर्षभर मुंग्या कोण निवडणार, तुमचा भरत?"

ठीक! पडवीत भाताची चार पोती होती. आमच्याकडे टरफलासकटच्या दाण्याला भात म्हणतात. तांदूळ काय आणि भात काय, एक उघडा आणि एक कपड्यात, असा शास्त्रीय विचार करून मी लॅपटॉप तिसऱ्या पोत्यात मधोमध पुरला आणि तोंड सुतळीने आवळलं. चंद्राबाई म्हणाल्या, "काही खूण करा." मी म्हणालो, "खूण विसराळू माणसाला लागते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत वाडीतली तीन पोरं अपूर्णांक शिकायला बसली होती. पोत्यातला भात लॅपटॉपची ओल कशी ओढतो, ते बोट दाखवून त्यांना आधीच शिकवून झालं होतं. अपूर्णांक मी भाकरीवर शिकवतो. पुस्तकातला अपूर्णांक पोरं विसरतात, भाकरीतला विसरत नाहीत. मी अगदी रंगात आलो होतो, तेवढ्यात शेजारच्या भागोजीची हाक आली, "गुरुजी, टेम्पो चाललाय पोलादपूरला गिरनीवर. तुमची पोती पन टाकू का?"

"टाक रे टाक!" मी न बघताच म्हणालो. "हं, सलोनी, अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती?"

"गुरुजी, ते..."

"मध्ये बोलू नये. आधी उत्तर!"

"पाऊण. पन गुरुजी, ते..."

"शाब्बास! का पाऊण? मी सांगतो." मी सांगितलं. चांगलं दोन भाकऱ्या संपेपर्यंत सांगितलं. मग हात झटकत म्हणालो, "आता बोल बाळ, काय म्हणत होतीस?"

"भागोजीआजानं तुमचा लॅपटॉप नेला."

मंडळी, सहासष्टाव्या वर्षी मी जो पळालो! भागोजीचा फोन लागेना. रस्त्यावर गॅसचा टेम्पो दिसला, त्याला आडवा झालो. सिलिंडरांच्या मध्ये उभा राहून, प्रत्येक वळणावर टाळ वाजल्यासारखा खणखण करत पोलादपूरला उतरलो. गिरणीत शिरलो तेव्हा दोन पोत्यांचे तांदूळ होऊन बाहेर पडले होते आणि तिसरं पोतं भागोजीने यंत्राच्या तोंडात उपडं केलं होतं.

"थांबव!" मी ओरडलो.

गिरणीवाल्याने आधीच थांबवलं होतं. तोंडाशी जाळी होती म्हणून लॅपटॉप वरच अडकला होता. म्हणजे एक अर्धा. दुसरा अर्धा भागोजीच्या हातात होता. गिरणीवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, भातात खडे निघतात म्हाईत व्हतं. पन केवढा हा खडा!"

कळफलकाच्या काही कळा जाळीतून खाली गेल्या त्या गेल्याच. पुढे आठवडाभर तांदूळ निवडताना चंद्राबाई एकेक काढून माझ्या ताटाशेजारी ठेवत, "हे घ्या, तुमचं अक्षर आलं!" पण मला हसू येत नव्हतं. रोज संध्याकाळी बनुबाई पाण्याची कळशी घेऊन आमच्या दारावरून जायची. विचारायची काही नाही. नुसती दाराशी थोडी हळू व्हायची.

दोन्ही अर्धे पिशवीत घालून मी महाडला विनीतकडे गेलो. विनीत माझा जुना विद्यार्थी. त्याचं तिथे दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पिशवी टेबलावर ओतली. आधी अर्धा शेर भात पडला, मग लॅपटॉप.

"सर, ह्याला नक्की काय झालं?"

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. विनीत शांतपणे स्क्रू काढत राहिला. माझं सांगणं गिरणीपर्यंत पोचलं तेव्हा त्याच्या हातात एक चपटी पेटी होती. ती त्याने कानाशी धरली. "सर, यंत्र संपलं. पण ही डिस्क फिरतेय. फायली निघतील कदाचित. यंत्र मात्र दुसरं घ्यावं लागेल."

नव्याची किंमत त्याने सांगितली आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो! शेवटी त्याने कपाटातून एक वापरलेला लॅपटॉप काढला. झाकणावर आधीच्या मालकाच्या पोराने चिकटवलेलं हसरं अस्वल होतं. ते रॉकेलने घासलं तरी निघालं नाही. तेवढा मात्र मला परवडत होता, कारण कवळी बसवायला बाजूला ठेवलेली रक्कम घरात होती. घरी येऊन चाचरत हे चंद्राबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घ्या. दात नसले तर बोलणं तरी कमी होईल."

आठवड्याने विनीतचा फोन आला. "सर, आवाज निघाले. पण सगळी नावं गेली."

अकराशे आवाज, आणि एकावरही नाव नाही! नुसते आकडे. मी रोज सकाळच्या एसटीने महाडला जाऊन विनीतच्या दुकानात बसू लागलो. एकेक लावायचा, ऐकायचा, पुढे जायचं. पहिल्या दिवशी काय आनंद झाला म्हणून सांगू! ही निशिगंधा, आता पनवेलला नर्स आहे. हा चांगू, 'बगळा' म्हणताना हसू आवरत नसे त्याला. दोन ओळी ऐकल्या की पोर डोळ्यांपुढे उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनीतने मान वर केली. "सर, एक विचारू? रागावू नका."

"विचार की!"

"ही सगळी रेकॉर्डिंग पोरांची आहेत ना? मग सगळ्यांत तुम्हीच कसे बोलताय?"

"अरे, ती प्रस्तावना आहे," मी म्हणालो. आणि कानाला लावायची ती यंत्रं मागून घेतली, म्हणजे त्याला ऐकू जायला नको.

तिसऱ्या दिवशी ओंकार सापडला. चार मिनिटं बारा सेकंद.

"सावित्री नदी..." बारीक, किंचित घोगरा आवाज. तोच!

"मोठ्याने!" हा मी.

"सावित्री नदी महाबळेश्वरच्या..."

"थांब. महाबळेश्वर कुठे आहे? मी सांगतो." आणि मी सांगितलं. घाट सांगितला, डोंगर सांगितला, पाणी उताराकडेच का धावतं ते सांगितलं. "समजलं?"

"हो गुरुजी." मग थोडं थांबून, "गुरुजी, काल आमची आय नदीवर..."

"ते नंतर. आधी वाक्य पुरं कर."

वाक्य त्याने पुरं केलं. पुढचं वाक्य मीच वाचून दाखवलं, कसं वाचावं ते कळावं म्हणून. त्याच्या पुढचंही. शेवटी मी म्हणालो, "छान वाचलंस. बस खाली."

मी कानांवरची यंत्रं उतरवली. मग विनीतला विचारलं, "ह्यातला माझा आवाज काढता येईल का रे?"

त्याने बराच वेळ काहीतरी करून पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "येईल सर. मग एकोणीस सेकंद उरतात."

मी मनातल्या मनात एकोणीसपर्यंत मोजून पाहिलं.

"पण नका काढू," तो म्हणाला. "तुम्ही बोलताय तेव्हा मागे तो हुं हुं करतोय. एकदा नाक ओढलंय. तुम्हाला काढलं तर तेही जाईल."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी बनुबाईच्या घरी गेलो. बरोबर चंद्राबाई होत्या. आमच्या त्या लॅपटॉपवरचं अस्वल पाहून बनुबाई म्हणाली, "ह्यो दुसराच दिसतो." मी म्हणालो, "पेटी दुसरी. आतला ओंकार तोच." ह्या वेळी लाट समजावली नाही. पाणी दिलं तेही लांब ठेवलं. सरळ कळ दाबली.

'सावित्री नदी' ऐकताच तिचा हात छातीशी गेला. माझा घाट आणि माझा डोंगर तिने मान खाली घालून ऐकून घेतला. हिवाळ्यात उन्हाची वाट बघत बसतात तशी ती बसली होती. 'हो गुरुजी' आलं तेव्हा ओठ हलले. मग, "गुरुजी, काल आमची आय नदीवर..."

"आं?" तिने झटकन माझ्याकडे पाहिलं. "काय? काय सांगत व्हता ओ?"

मी लॅपटॉप थांबवला. खूप आठवून पाहिलं. त्याने नंतर कधी सांगितलं का? मी विचारलं का? 'ते नंतर' म्हणालो होतो. त्या नंतरला चौदा वर्षं होत आली.

"नाही गं, बनुबाई. मी त्याला सांगूच दिलं नाही."

"गोधड्या धुवाया गेलो असू," ती हळूच म्हणाली. "न्हायतर मी शेवाळावरून पडले व्हते ते असंल. लय हसला व्हता तवा. दुसऱ्या दिशी शाळंत सांगनार म्हनत व्हता सगळ्यांना." ती हसायला गेली, ते तिला जमलं नाही. पदर तोंडावर धरून बसली. चंद्राबाई तिच्या पाठीशी जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "परत लावा."

परत लावला. घर इतकं शांत झालं होतं की मला राहवेना. तिला जरा मदत करावी म्हणून मी म्हणालो, "आता बघ हं, इथे तो श्वास घेतो, आणि मग..."

"गुरुजी," लॅपटॉपवरची नजर न काढता बनुबाई म्हणाली, "गप ऱ्हावा ओ जरा."

छत्तीस वर्षं मी हे वाक्य दुसऱ्यांना म्हणत आलो. मी गप बसलो.

लॅपटॉपमधला मी मात्र बोलतच होतो.