दोन अधिक तीन, एकशे साठ

सासरेबुवांना यंदा वाढदिवसाला विकतची भेट नको, काहीतरी हातानं बनवू, असं मी म्हणालो आणि तिथंच फसलो. तरुणपणी ते ज्या संगणकावर ऑपरेटर होते, त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती आता सुट्या भागांत मिळते. मी ती मागवली. कारण लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी त्यांनी माझ्या एकाही कामाला 'बरं' म्हटलेलं नाही. (मी ठोकलेल्या खिळ्यावर ते टोपीसुद्धा टांगत नाहीत.)

दीड महिना जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग चाललं.

"हे करतं काय?" बायकोनं विचारलं.

"बेरीज."

"ती मोबाइलवर होते की!"

"मोबाइल गुपचूप करतो. इथं आकडा आपण एकेक खटका पाडून भरायचा. मग दिवे डोळ्यांदेखत पळतात!"

"आणि आपण मांडीवर ताट घेऊन जेवायचं."

पहिला दिवा लागला तेव्हा मी आनंदानं किंचाळलो. मला शॉक बसला असं समजून तिनं धावत जाऊन मेन स्विचच बंद केला.

पण मशीन चालू लागलं. बेरजा बरोबर येऊ लागल्या. रविवारी सासरेबुवा येणार म्हणून मी सकाळी ते सगळं खोलून, पुसून, पुन्हा डब्यात बसवलं.

ते आले. मी दोन अधिक तीन भरलं, बटण दाबलं. आठ दिवे पळाले, दोन पेटून राहिले. मी मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेशी ताडून ऐटीत जाहीर केलं, "एकशे साठ!"

बायकोनं छताकडे पाहिलं.

सासरेबुवांनी चष्मा कपाळावर चढवला. "जावईबापू, मशीन बरोबर आहे. दिव्यांची पट्टी उलटी बसवलीत. स्क्रूड्रायव्हर आणा."

पट्टी फिरली. मग त्यांनी न बघताच खटके पाडले. इतक्या वर्षांनी बोटांना सगळं पाठ होतं! दिवे पळाले. उजवीकडून पहिला आणि तिसरा पेटला. पहिल्याचा एक आणि तिसऱ्याचे चार, झाले पाच! सासरेबुवांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझी छाती शर्टात मावेना.

त्यांनी लगेच जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"अहो, आपलं मशीन! हो, तेच! समोर चालतंय... जावयानं बनवलंय. स्वतःच्या हातानं!" मी कॉलर सारखी केली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो ना," सासरेबुवा म्हणाले, "तरीसुद्धा चालतंय!"