कुजायला नेमलेला पुतळा

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी सुतार घरात एकटा उरला. बायको आधीच गेलेली. पाहुणे पांगले आणि घर असं शांत झालं, की नळ ठिबकला तरी त्याला कुणी हाक मारल्यासारखं वाटे. मग त्याने घरामागच्या जंगलात पडलेल्या फांद्या, साली आणि काथ्याची दोरी गोळा करून एक माणूस उभा केला. बुटका, पोट सुटलेला. संध्याकाळी त्याच्याशी तो चार शब्द बोले.

वनरक्षकाने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, सरकारी जंगलात पुतळा?"

"पुतळा कसला! पडलेलं लाकूड उभं केलं."

"साहेब म्हणतील, काढून टाका."

"आपणहून कुजेल की! काढायचे कष्ट कशाला?"

वनरक्षकाने तसं कळवलं आणि साहेबांना पटलं. मात्र पुतळा पुरता कुजेपर्यंत वनरक्षकाने दर आठवड्याला पाहणी करायची, असा हुकूम सुटला.

पाहणी म्हटली की सुताराकडचा चहा आलाच. वनरक्षक बदलीवर आलेला, बायकामुलं लांब. तोही कप पुरवून पुरवून पिई. पावसात पुतळ्याचा कान गळाला, तेव्हा सुताराच्या ध्यानात आलं. हा कुजला की पाहणी बंद! त्याने गुपचूप नवा कान बसवला.

पण पुतळा नुसता टिकला नाही, बाळसं धरू लागला. पोट वाढलं, खांदे रुंदावले. सुतार चक्रावला. एकदा साहेब स्वतः आले.

"हा कुजतोय की तालमीत जातोय?"

"दमट हवा, साहेब. लाकूड फुगतं," वनरक्षक घाईघाईने म्हणाला.

मग वादळात पुतळ्याचा हात मोडला. सुतार नवा हात तासून घेऊन गेला, तर तिथे हात आधीच होता. वाकडा, बुटाच्या नाडीने बांधलेला.

पुढच्या पाहणीला वनरक्षक एक बूट फरफटत आला.

"नाडी कुठाय रे?"

"तुटली." वनरक्षकाने कपात नजर बुडवली.

"हात उलटा बसवलास. अंगठा खाली आलाय."

वनरक्षकाने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "कान मात्र तुम्ही झकास लावलात, काका."

त्यानंतर पुतळ्याला कुणीच हात लावला नाही. तो बिचारा रीतसर कुजला, वाळवीने त्याचा भुगा केला. साहेबांनी पाहणी बंद केली, चहा चालू राहिला. आपलं वय झालंय, आपल्याला वनरक्षकच मसणात पोचवील, असं सुतार धरून चालला होता.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, वनरक्षक तापाने वारला.