शेवटचा प्रवेश आणि निजलेला संगणक

डिचोलीचे निवृत्त मुख्याध्यापक शिवदास परब यांनी आपल्या ऐतिहासिक नाटकाचा शेवटचा प्रवेश मुद्दाम घरच्या संगणकातच ठेवला आणि उरलेले सारे नाटक छापून प्रयोगाच्या गावी, चोपड्याला नेले. ही विस्मृती नव्हती. हे प्रात्यक्षिक होते. म्हापशात संगणकदुरुस्तीचे दुकान चालवणारा त्यांचा पुतण्या रुद्रेश याने आठवड्यापूर्वीच अशी सोय करून दिली होती की, डिचोलीत निजलेल्या संगणकाला कोठूनही मोबाईलवरून संदेश धाडून जागे करावे आणि त्यातला हवा तो मजकूर उतरवून घ्यावा. देवळासमोरच्या मांडवात नटमंडळींच्या डोळ्यांदेखत हा चमत्कार करायचा, आणि शेवट गावात फुटण्याआधी तो प्रॉम्प्टरच्या, म्हणजे रुद्रेशच्याच, हाती द्यायचा, असा सुविहित बेत होता. नाटक सायंकाळी सातला होते. दुपारी तीनला शिवदासांनी घसा साफ करून बटण दाबले.

संगणक उठला नाही.

"काका, घरातलो राऊटर जबाब दिता," रुद्रेश मोबाईलकडे पाहत म्हणाला, "पण कंप्युटर काय उठना."

शिवदासांनी घरी पद्मावतीबाईंना फोन लावला. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी पत्नीला एकच शिस्त लावली होती: विचारले तेवढेच सांगावे, पदरचे घालू नये.

"कंप्युटराच्या मागच्या अंगाक निळी वायर आसा?"

"आसा."

"घट्ट बसलेली आसा मां?"

"आसा."

"कोणी बटनाक हात लावलो?"

"नाय."

एवढ्या निर्दोष साक्षीनंतर दोष यंत्राच्या अंतरंगातच असणार, असे अनुमान निघाले. रुद्रेशने संदेश अकरा वेळा धाडला. मग रेंज बरी मिळावी म्हणून तो देवळाच्या पायरीवर चढला आणि तेथून पुन्हा धाडला. नवीन अपडेटने जुनी मांडणी बिघडवली असावी, असे त्याचे मत पडले. जे स्वतः बिघडले नाही ते दुसऱ्याला बिघडवू कसे शकते, यावर शिवदासांनी त्याच्याशी पाऊण तास वाद घातला. नटमंडळी चहाला निघून गेली. दाढी लावून बसलेल्या राजाने, आपण शेवटी जिंकतो की मरतो, एवढे तरी कळू द्यावे, अशी विनंती केली.

साडेचारला रुद्रेशने फोन स्वतःकडे घेतला. "काकी, मागल्यान बारीक दिवो पेटता काय गो?"

"नाय रे."

"मगे थंय करंट येता मां?"

"करंट खयसून येतलो? प्लग काढून ठेवलंय मी. आज खंडेनवमी न्हय? सकाळीच पुसून, हळद-कुंकू लावून झेंडूची माळ घातलंय तेका."

शिवदासांनी फोन ओढून घेतला. "मगे ह्या आदी सांगूक होया होता!"

"तुमी विचारलास खय?"

 मग शिवदासांनी प्लग ताबडतोब लावण्याची आज्ञा केली.

"आज?" पद्मावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या वर्सा माझी आदोळी पुजेक मांडलास तेव्हा काय म्हटलास? एक दिस हत्याराक विसावो दिलो नाय तर ता वर्षभर धार दिना नाय. माका भाजी कापूक दिलास नाय. घरभर अख्ख्या मुगांची उसळ खाल्ली. आता तुमचा ता हत्यार, आनी माझी ती फक्त आदोळी?"

दुसऱ्याच्या युक्तिवादापुढे शिवदास आजवर कधी हरले नव्हते; आज समोर त्यांचाच युक्तिवाद उभा होता. बस धरून डिचोलीला जाऊन परतायलाही आता अवधी नव्हता. ते मांडवाच्या खांबाला टेकले.

"तुमका प्रवेशच होयो मां?" पलीकडून आवाज आला. "तुमी सांगलास, टायप मी केलंय. रुद्रेशाक लिवूक बसवा."

आणि एका हाताने घावणे परतत त्यांनी दोन पानांचा प्रवेश तोंडपाठ सांगितला. शिवदास प्रतिष्ठेसाठी जरा दूरच उभे राहिले, त्यामुळे त्यांना काही ऐकू आले नाही.

रंगमंचावर राजाने दीड पान स्वगत म्हटले. प्रेक्षकांत खोकल्याची साथ पसरली. मग इतका वेळ मूक उभी असलेली राणी वळून म्हणाली, "महाराज, गड फितूर झाल्याचे मला महिन्यापासून ठाऊक होते. आपण विचारलेत कुठे?" मांडव हशाने हादरला, टाळ्या ओसरेपर्यंत पडदा खाली येईना. विंगेत शिवदास थिजले. आपले प्रत्येक वाक्य ते ओळखत. या वाक्यात तर 'महाराज' सोडून एकही समास नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावर त्यांनी माळ उतरवली आणि प्लग लावला. संगणक एका बटणात उठला. भेसळीचा पुरावा समोर ठेवावा म्हणून त्यांनी फाईल उघडली, तर राणीचे वाक्य तेथे आधीपासूनच विराजमान होते; फाईलवरची शेवटची तारीख मंगळवारची होती.

"ह्या वाक्य मंगळवारपासून हंय आसा?"

"आसा," पद्मावतीबाई म्हणाल्या. पदरचे काही घातले नाही.

 टाळ्या अजून शिवदासांच्या कानात होत्या. अखेर छत्तीस वर्षांत प्रथमच त्यांनी हो किंवा नाही यात न मावणारा प्रश्न विचारला.

"आनी खय खय काय घातलंस?"

पद्मावतीबाईंनी स्टूल ओढले, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी ऐसपैस बसल्या.

"पयलो अंक उघडा," त्या म्हणाल्या.