ऊती कुठली? काम काय?

आंबवड्याच्या जत्रेत मटणाची पंगत बसली की सरांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. ताटात हाड आलं की सर ते खायचे नाहीत, वर धरायचे. "टोकाला हे पांढरं, कुरकुरीत दिसतंय ना? ही कास्थी. हाडावर हाड घासू नये म्हणून. आता हा लाल भाग बघा. ऊती कुठली? काम काय?" समोरच्याचा घास तोंडातच राहायचा. मग बायकांच्या पंगतीतून सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "आवो, आदी खावा, मग शिकवा."

सरांनी आम्हाला भोरला विज्ञान शिकवलं. शरीरात चार तऱ्हेच्या ऊती असतात, हे आम्हाला परीक्षेपुरतं. सरांना त्या गावभर दिसायच्या. स्टँडवरचा कंट्रोलर संयोजी ऊती, कारण सगळ्या एसट्या त्याच्या जिवावर एकमेकींना धरून. मुख्याध्यापक मेद ऊती: "साठवण दांडगी, थंडीत ऊबही देतील, पण हलायचे न्हाईत." मी हडकुळी, म्हणून अभिस्तर. वर समजूतही काढायचे, की कातडी तीच असते, झाकणं हे काय कमी काम आहे? आणि विंझर माहेर असलेल्या काकू म्हणजे हृदयाचा स्नायू. "सांगावं लागत न्हाई, सुट्टी मागत न्हाई." त्यावर काकू म्हणायच्या, "मंजी राबायचंच ना?"

उत्तरात 'ऊती'ऐवजी 'पेशी' लिहिलं की भोपळा. अर्धं बरोबर म्हणजे चूक, असा खाक्या. वाद घालायची कुणाची टाप नव्हती. तरी तो वर्ग, ती फळा भरून काढलेली रंगीत आकृती अजून आठवते आणि मन हळवं होतं.

आता मी कचेरीत नोकरी करते आणि सरांच्याच आळीत राहते. गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तेव्हापासून सरांनी गावाला शिकवणं सोडलं. तो हात हलला पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

परवा सकाळी भाजीचा डबा घेऊन गेले, तर सर कोमट तेलानं तो हात चोळत होते. बोलणं चालूच होतं. "मेंदूत नव्या पेशी यायला लागल्यात. दिवाळीला भाकरी थापशील बघ."

मी दारातच थबकले. मेंदूतली, म्हणजे चेता ऊतीतली पेशी मेली की परत येत नाही, हे आमच्याकडून घोकून घेतलं ते यांनीच.

डबा रिकामा करायला सर मला घेऊन स्वयंपाकघरात आले. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या मनात आलं ते बरोबर आहे. पण हिनं कुठं पुस्तक वाचलंय? तू काही बोलू नकोस."

मी मान डोलावली. सर पुन्हा काकूंपाशी जाऊन बसले.

आमची शिकवणी याच घरात भरायची. आम्ही बाहेरच्या खोलीत, काकू आत चुलीपाशी. कुणाचं उत्तर अडलं की भाकरी थापता थापता त्या आतूनच सांगून टाकायच्या. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं हे खरं. पण वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं सगळं.

मी बाहेर येऊन काकूंकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली, यांना सांगू नकोस म्हणून. मग डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून सरांच्या मांडीवर ठेवला.