चार नख्यांचा नांगर

डॉक्टरांचं म्हणणं असं, की जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांना रुतलेली वस्तू उपटता येते. आणि दुसरी, बाकीची सगळी! स्वतः डॉक्टर अर्थातच पहिल्या प्रकारातले. दातांचे डॉक्टर ते. "माझ्या चिमट्यात आली आणि बाहेर आली नाही, अशी दाढ अजून उगवायची आहे," हे वाक्य प्रत्येक पेशंटला, तोंड उघडं असल्यामुळे, निमूटपणे ऐकावं लागे. दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं, पण त्याच्यावर डॉक्टर जेवणाचा डबा ठेवत. "बोटांना कळतं हो! फोटो कशाला?"

तर अशा या डॉक्टरांनी बोट घेतली. फार मोठी नव्हे. एक शीड, दोन वल्ही, आणि चार माणसं बसली की पाचव्याने काठावरूनच हात हलवावा, एवढी. लहानपणापासूनची हौस! बायकोने बरीच वर्षं "बघू" म्हणून काढली आणि शेवटी एक अट घालून होकार दिला.

"तलावावर क्लबात ठेवायची. घरी आणलीत, तर मी तिच्यात माती भरून गुलाब लावीन!"

बायको शाळेत गणित शिकवायची. तिचं बोलणं म्हणजे उत्तराखाली दोन रेघा मारल्यासारखं. पुढे वाद नाही.

क्लबात जागा मिळाली, पण कुठे? पाण्यात तरंगत्या पिंपांची एक लांब रांग होती आणि एकेका पिंपाला एकेक बोट बांधलेली. सगळी पिंपं भरलेली. डॉक्टरांच्या वाट्याला आलं रांगेचं अलीकडचं टोक. धक्क्याला लागून, बरोबर क्लबच्या संडासासमोर! तिथे पिंप नव्हतं. "स्वतःचा नांगर टाका आणि राहा," असं सेक्रेटरींनी फर्मावलं. या सेक्रेटरींना सगळे पाठीमागे नियमकाका म्हणत. गृहस्थ इतका नियमाचा, की शिंक आली तरी आधी घड्याळ बघेल.

"नांगर कसला घ्यावा?" डॉक्टरांनी घरी विषय काढला. ही पहिली चूक. कारण घरी सासरे होते.

सासऱ्यांना सगळे कॅप्टन म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जहाजावर घालवली होती. जहाजावर नक्की काय करत होते, हे मात्र विचारलं की त्यांना खोकला येई.

"जावईबापू, नांगराला एकच गोष्ट लागते. वजन! आमच्या जहाजाचा नांगर या तुमच्या घराएवढा होता."

"अप्पा, पण माझी बोट तुमच्या जहाजाच्या नांगराएवढीसुद्धा नाही!"

"वजन!" कॅप्टन म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

डॉक्टरांनी दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीचा लोखंडी पाया सोडवला, दोरी बांधली आणि टाकला पाण्यात. वजनदार होता, यात शंका नाही. पण खालून गुळगुळीत! वारा सुटला तसा तो तळावरून असा सरकला, जशी फरशीवरून साबणाची वडी. बोट निघाली ती थेट नियमकाकांच्या नुकत्याच रंगवलेल्या बोटीला जाऊन लागली. पांढऱ्याशुभ्र रंगावर हातभर निळा ओरखडा!

"तुम्ही नवीन, म्हणून या वेळी नुसती ताकीद," नियमकाका थंडपणे म्हणाले. "एरवी बोट जागेवरून हलली, की जागा रद्द! नियम सगळ्यांना सारखा. माझ्यासकट! येत्या रविवारी दुपारी मी स्वतः येऊन बघणार आहे."

जागा रद्द म्हणजे बोट घरी. आणि बोट घरी म्हणजे गुलाब! डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर शिडाच्या काठीवर चढलेला वेल दिसू लागला. रात्री जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी ते नांगरांच्या दुकानात गेले. दुकानदार असा, की गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला की तो दोन प्रश्न विचारी.

"चांगला नांगर द्या."

"चांगला म्हणजे कोणासाठी चांगला? आणि तळ कसा आहे?"

"तळ? तलाव आहे म्हणजे तळ असणारच की!"

"तसं नव्हे हो. चिखल असेल तर हा रुंद पात्यांचा. वाळू असेल तर हा फाळाचा, आत घुसतो. दगडगोटे असतील तर हा चार नख्यांचा, फटीत अडकतो. चुकीचा नेलात तर विटेचा तुकडा बांधला काय आणि हा बांधला काय, सारखंच! आता सांगा, खाली काय आहे?"

डॉक्टर क्लबात विचारायला गेले. एकाने सांगितलं चिखल, दुसऱ्याने सांगितलं वाळू. तिसऱ्याने सांगितलं, "खाली काय आहे ते खाली गेल्याशिवाय कळत नाही," आणि फार मोठं काही बोलल्यासारखी मान हलवली. डॉक्टरांचं डोकं फिरलं! एवढी माणसं वर्षानुवर्षं या पाण्यावर बसतात, आणि बुडाखाली काय आहे ते एकाला माहीत नाही!

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. अहो, दातांच्या डॉक्टराला न दिसणाऱ्या गोष्टीचा आकार कसा कळतो? साचा घेऊन! त्यांनी दवाखान्यातला सगळ्यात मोठा साच्याचा ट्रे घेतला, त्यात दातांचा ठसा घ्यायचा गुलाबी मसाला थापला, ट्रेच्या पाठीला खुर्चीचा तोच पाया बांधला, आणि आपल्या जागेवर, संडासासमोर, हळूच पाण्यात सोडला. मसाला घट्ट होईपर्यंत, पेशंटला सांगतात त्याच सवयीने, "चावू नका हं, हलू नका," असं तलावाला सांगितलंसुद्धा!

साचा वर आला आणि डॉक्टरांनी टाळी वाजवली. गुलाबी मसाल्यात लांबट गोल खळगे स्वच्छ उमटले होते. एकापुढे एक, एकापुढे एक.

"गोटे!" घरी पोचताच त्यांनी साचा टेबलावर ठेवला. "खाली गोटे आहेत! चार नख्यांचा नांगर! झालं काम!"

बायकोने पेपर तपासता तपासता मान वर केली. "गोटे सगळे एकाच मापाचे कसे हो?"

"पाण्याने घासून होतात तसे. निसर्ग!"

"आणि एका रांगेत?"

"अगं, निसर्ग म्हटलं ना!"

"बरं. आणि ती पिंपं वाऱ्याने वाहून का जात नाहीत? ती कशाला बांधली आहेत?"

"जुनी आहेत ती. सवय झाली त्यांना!" डॉक्टर करवादले. माणसाने जरा काही शोध लावला, की या बाईने उलटतपासणी सुरू केलीच म्हणून समजा!

कॅप्टननी साचा उलटासुलटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "वजन किती आहे नांगराचं?"

रविवार उजाडला. डॉक्टर, बायको आणि कॅप्टन बोटीत बसले. बायको खरं तर काठावरच थांबणार होती, पण डॉक्टरांचा पडलेला चेहरा बघून तिला दया आली असावी. डॉक्टरांनी चार नख्यांचा नांगर टाकला, दोरी दोन हात ओढली, आणि खाली तो असा गच्च बसला, की बोटीने मानच तुकवली.

दुपारी वारा सुटला. सुटला म्हणजे काय, क्लबाच्या गच्चीवरच्या खुर्च्या उडाल्या! पिंपांच्या बोटी नाचत होत्या आणि डॉक्टरांची बोट? ढिम्म! धक्क्यावर नियमकाका हाताची घडी घालून उभे. बराच वेळ त्यांनी एक डोळा मिटून बोट बघितली, दुसरा डोळा मिटून बघितली. शेवटी नाइलाजाने म्हणाले, "ठीक आहे. जागा कायम."

डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं! आणि त्यात बायको चक्क हसून म्हणाली, "आता वाराही जरा कमी झालाय. चला, एक फेरी मारू या की. मीपण बघते काय एवढं असतं ते."

बायको! स्वतःहून! फेरी! डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी लगबगीने दोरी धरली आणि नांगर ओढला.

नांगर आला नाही.

पुन्हा ओढला. नाही. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या, पाय बोटीच्या काठाला रोवला, मनगट किंचित वळवून दाढेला देतात तसा हलका हिसका दिला. डावीकडे, उजवीकडे, आणि मग सरळ वर! बोटीचं नाक पाण्याला टेकलं, कॅप्टन बाकावरून घसरले, पण नांगर जागचा हलेल तर शपथ!

"राहू दे ना हो," बायको म्हणाली. "दोरी सोडून ठेवू, एखादा रिकामा डबा बांधू तिला, आणि येऊ फेरी मारून. नांगर कुठे पळून जातोय?"

किती साधी गोष्ट! तेवढी ऐकली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नाही!

"दोरी सोडू? म्हणजे दाढ अर्धी तोडून मूळ आत ठेवू? मी? अगं, लोक काय म्हणतील!"

लोक एव्हाना धक्क्यावर जमलेच होते, आणि म्हणतही होते. "डॉक्टर, भूल द्यायची राहिली वाटतं!" "आधी चूळ भरायला सांगा हो त्याला!" डॉक्टरांच्या कानशिलांची आग व्हायला लागली.

आणि तेवढ्यात फटफट करत नियमकाका क्लबची मोटरबोट घेऊन आले. "अडकलेला नांगर तसाच ठेवता येत नाही. नियम आहे. दोरी इकडे द्या."

"काका, तुम्ही राहू द्या, मी काढतो."

"दोरी द्या!"

डॉक्टरांनी धक्क्याची कड धरून बोट जागेवर ठेवली आणि दोरी दिली. नियमकाकांनी ती मोटरबोटीच्या मागे बांधली आणि इंजिन पूर्ण वेगाने सोडलं. दोरी ताठ झाली. पाणी घुसळून निघालं. कॅप्टन ओरडले, "अरे, वजन कमी आहे, वजन!" ते कशाचं, हे आजतागायत कळलेलं नाही. मग पाण्याखालून, खोलवरून, कडाड् असा आवाज आला.

"निघाला!" डॉक्टर आनंदाने ओरडले.

निघालं होतं, पण भलतंच. धक्क्याच्या खांबापासून निघून तलावाच्या तळावरून एक जुनी, गंजकी साखळी पार रांगेच्या शेवटापर्यंत गेलेली होती, आणि सगळी पिंपं तिलाच बांधलेली होती. डॉक्टरांच्या नांगराने आपल्या चारही नख्यांनी तिलाच मिठी मारली होती! ती तुटली नेमकी नांगराच्या पलीकडे. अलीकडचा तुकडा, नांगरासकट, धक्क्याला शाबूत. आणि पलीकडची अख्खी रांग मोकळी! दूरचं टोक तेवढं तळाशी पक्कं होतं; त्यावर ती उरल्यासुरल्या वाऱ्याने बिजागरीवरच्या दरवाजासारखी सावकाश फिरली. सगळी पिंपं, सगळ्या बोटी, एकमेकींना ढुश्या देत, ओरखडे काढत, समोरच्या काठावरच्या उंच गवतात जाऊन शिरल्या. सगळ्यात पुढे नियमकाकांची पांढरी बोट!

धक्क्यावर कोणी हसेना.

बायकोने हळूच विचारलं, "अहो, तो साचा... साखळीच्या कड्या लांबट गोलच असतात ना?"

डॉक्टर आपल्या शिडाच्या काठीकडे बघत होते. गुलाब! लाल की पिवळा, एवढंच आता ठरायचं होतं.

नियमकाका कमरेइतक्या चिखलात उतरून आपली बोट बघून आले. चेहरा विटकरी लाल. "डॉक्टर! तुमची जागा..."

"काका, एक मिनिट," बायको बोटीत उठून उभी राहिली. वर्गात मागच्या बाकावरच्याला उभं करतात, तोच आवाज! "नियम काय आहे? जागेवरून हलेल त्याची जागा रद्द. बरोबर?"

"बरोबर. पण..."

"सगळ्यांना सारखा. तुमच्यासकट. बरोबर?"

नियमकाकांची नजर गवतात शिरलेल्या आपल्या बोटीकडे गेली.

"मग मोजा. या घडीला क्लबातली एकच बोट आपल्या जागेवर आहे, आणि त्या बोटीत मी उभी आहे! आणि इंजिन लावून कोणी ओढलं, तेही सगळ्यांनी पाहिलंय."

त्याच संध्याकाळी क्लबने नियम बदलला. दुसरा इलाजच नव्हता, नाहीतर डॉक्टर सोडून क्लबात कोणी उरलं नसतं. डॉक्टरांची जागा कायम राहिली. साखळी जोडली गेली, पण त्या चार नख्या सोडवण्याच्या भानगडीत पुन्हा कोणी पडलं नाही. नांगराला हात लावायचा नाही, हाच क्लबचा नवा नियम! दोरी मात्र सोडता येत होती. म्हणजे फेरी मारता आली असती. पण आता बायकोच नको म्हणते. दर रविवारी ती पेपरांचा गठ्ठा घेऊन बोटीत येऊन बसते. "छान वाटतं इथे. अजिबात हलत नाही!" कॅप्टन टोपी डोळ्यांवर ओढून झोपतात. जहाजावर ते कोठीवर होते, बटाटे मोजायला, असं बायकोने परवा सहज सांगून टाकलं. आणि डॉक्टर शीड गुंडाळून, संडासाकडे पाठ करून, दूर जाणाऱ्या दुसऱ्यांच्या बोटी बघत बसतात.

परवा नियमकाका गालाला रुमाल लावून दवाखान्यात आले. दाढ ठणकत होती. त्या दिवसापासून दोघांत बोलणं नव्हतं, पण दाढेपुढे कोणाचं चालतं? डॉक्टरांनी जुन्या सवयीने चिमटा उचलला. "उघडा तोंड. एक झटका, की बाहेर!"

नियमकाकांनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"डॉक्टर, ओढण्याआधी नीट बघा हो. पलीकडे काही बांधलेलं नाही ना?"

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला, आणि एक्स-रेच्या मशीनवरचा डबा उचलला.